बाळंतपणात हुकलेला तारा

दवाखान्यातल्या शांततेत माझ्या शेजारच्या बाकावरच्या बाळाचा खुळखुळा टपकन पडला. तो उचलत बाळाची आई सासूला म्हणाली,

“आई, आमच्या वेधशाळेतून तो तारा फुटताना दिसला तेव्हा मी बाळंतीण होते. माझा हुकलाच.”

“मग आता काय बघायचंय?”

“पुढच्या वर्षी परत दिसेल. वाटेतल्या दीर्घिकांच्या ओढीने त्याचा प्रकाश वाकून दोन वाटांनी येतो. लांबच्या वाटेचा अजून पोचायचाय. त्या उशिरावरून विश्व किती वेगाने पसरतंय ते मोजता येतं.”

“तुझ्या सासऱ्यांसारखाच. लांबून येतात आणि म्हणतात, जवळचीच वाट होती.”

“पण वेधशाळेत आठवडाभर राहावं लागेल.”

“राहा की. तोवर हा वरचं खाऊ लागेल, मग माझाच.”

माझ्या मांडीवरची लेक सगळं ऐकत होती.

“आई, माझ्या वेळी तुझं काय हुकलं?”