‘कनेक्टेड’ म्हणजे काय

माझ्या आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष व आपल्या दूध संघाचे चेअरमन माननीय गहिनीनाथराव, व्यासपीठावरील सर्व संचालक, शीतकरण केंद्रांवरून आलेले कर्मचारी आणि माझ्या संगणक कक्षातल्या सहकाऱ्यांनो,

एकतीस वर्षांत मी भाषण कधी लिहून आणलं नाही. आज आणलं, कारण परवा सोमवारच्या बैठकीत अकोले केंद्राच्या ऑपरेटर एस्तेर भांबळ यांना कामावरून काढण्याचा ठराव आहे, आणि त्या बैठकीला मी नसेन. आत येताना चेअरमनसाहेब म्हणाले, “बाई, आज तरी गोड बोला.” साहेब, गोड बोलायला पेढे आहेतच.

एस्तेरबाईंवर आरोप काय? खंडेनवमीला अकोल्याचं शीतयंत्र बंद पडलं, त्यांनी मुख्य कचेरीला कळवलं नाही, जादा टँकर गेला नाही आणि अठराशे लिटर दूध नासलं.

त्यांनी कळवलं होतं. तीनदा.

आपल्या कक्षातल्या सम्राटने संदेशांसाठी जी लायब्ररी लिहिली, म्हणजे सगळ्या केंद्रांनी वापरायचा तयार प्रोग्रॅम, त्यात प्रत्येक केंद्र एक सॉकेट उघडतं. सॉकेट म्हणजे संदेश जायचं दार. ते दार मुख्य मशीनच्या पत्त्याशी जोडलं की पडद्यावर ‘कनेक्टेड’ येतं. एस्तेरबाईंच्या पडद्यावरही आलं. मग मुख्य मशीनवर संदेश का नव्हता? कारण मुख्य मशीन बंद होतं!

का बंद होतं? आमच्या पुंजाराम शिपायांनी त्याची पूजा केली होती. मी विचारलं, तर म्हणतात, “म्याडम, पुजल्यालं हत्यार दसऱ्याबिगर उचलत न्हाईत.” मी म्हटलं, “पाण्याची मोटरही पुजली होती ना? ती कशी चालू होती?” तर म्हणे, “ती बंद ठिवली तर पानी कुठनं येनार?”

हसू नका. त्या दिवशी कक्षात तीन पदवीधर होते. एकानेही बटण दाबलं नाही.

मी सम्राटला बोलावलं. “पलीकडे मशीनच नव्हतं, तर कनेक्टेड कशाला?”

“मॅडम, कनेक्टेड म्हणजे पत्ता घेतला आणि जोडायला लागलो, एवढंच. मशीन सुरू होईपर्यंत संदेश केंद्रातच रांगेत थांबतो.”

“हे केंद्रांना कोणी सांगितलं?”

“कोणी विचारलंच नाही.”

दसऱ्याला दुपारी एक वाजता मशीन सुरू झालं आणि तिन्ही संदेश एकदम येऊन पडले. आपल्याकडे वेळ नोंदली जाते ती पोचल्याची. चौकशी समितीने तीच पाहिली आणि लिहिलं, ‘दूध नासल्यावर कळवले’. सम्राट एसटीने अकोल्याला गेला, तिथल्या रांगेची फाइल फ्लॉपीवर घेऊन आला. पाठवल्याच्या वेळा आहेत आदल्या दिवशीच्या : अकरा दहा, बारा पाच आणि दीड.

आता आपण विचाराल, बाईंनी फोन का केला नाही? मीही त्यांना तेच विचारलं, जरा चढ्या आवाजात. त्या शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, संगणक आल्यावर फोन करायचा नाही, असं परिपत्रक आहे. खाली सही तुमची आहे.”

आहे. सही माझी आहे. ‘कनेक्टेड’ वाचून मी निर्धास्त झाले होते. पलीकडून उत्तर आल्याशिवाय तो शब्द दाखवू नको, हे सम्राटला दूध नासण्याआधी सांगणं माझं काम होतं. परवा कुणाला जबाबदार धरायचंच असेल, तर माझ्या घरी टपाल येतं.

या संघाने गणित शिकलेल्या एका बाईला काम दिलं आणि मनासारखं करू दिलं, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. ज्यांना माझी बोलणी बसली, त्यांनी मोठ्या मनाने सोडून द्यावी. आजची अजून संपलेली नाहीत, तीही त्यातच धरा.

जाताना दिलेल्या वस्तू वाचते. सम्राट यांना : कक्षाच्या किल्ल्या दोन, केंद्रांच्या पत्त्यांची वही एक, लायब्ररीच्या फ्लॉप्या नऊ. चेअरमनसाहेबांना, इथे, सर्वांसमोर : अकोल्याच्या रांगेची छापील प्रत, माझं परिपत्रक आणि परिपत्रकाबद्दलचा माझा लेखी जबाब.

साहेब, नुसतं घेऊन ठेवू नका. पोच द्या. वेळही घाला.

‘तिन्ही कागद मिळाले. वाचून बैठकीत ठेवतो. गहिनीनाथ. ३१ ऑक्टोबर १९९८, दुपारी चार बावन्न.’