भोपाळचा तबादला

छप्पन्न सालच्या दसऱ्यानंतर सरकारी कचेऱ्या भोपाळला हलू लागल्या होत्या. उज्जैनच्या देवास गेट बसअड्ड्यावर रतलामच्या गाडीसाठी थांबलेल्या दामूअण्णांच्या बाकावर इंदूरहून आलेलं एक जोडपं टेकलं.

“आता नीट सांगा, घशातून नळी घालून डॉक्टरांना काय दिसलं?”

“श्वासाच्या वाटा मोकळ्या आहेत. उजवीकडे जरा सूज आहे, ती औषधाने जाईल.”

“गाठ?”

“नाही.”

“क्षय?”

“तोही नाही. आतला कफसुद्धा तपासला.”

“देव पावला! मग तोंड का पाडलंत?”

“क्षय निघाला असता तर तबादला टळला असता, सुमती. साहेबांनी साफ सांगितलं होतं, सर्टिफिकेट आणा आणि उज्जैनातच राहा.”

“कमाल करता हो तुम्ही! उज्जैनसाठी क्षय मागत होता?”

“चार पिढ्या इथे गेल्या आपल्या.”

“पाचवीला भोपाळ दाखवू.”

“बरं, तिथे क्वार्टर मिळेपर्यंत तू इथे आईजवळ राहा.”

“मुळीच नाही. महिनाभर रात्र-रात्र जागून तुमचा श्वास ऐकतेय मी. आता तो ऐकल्याशिवाय मला झोप येत नाही.”

दामूअण्णांची गाडी लागली होती. ते जरा उशिराच उठले.