घोरपडीचं कार्ड

या, मंडळी, पुढं सरका. देवाच्या पुढची जागा मोकळी आणि खांबाला टेकायला मात्र चढाओढ! असू द्या. टाळकरी, हात जरा थांबवा. आज आधी एक सवाल, मग कथा.

लेकराला बरं वाटावं म्हणून बोललेलं खोटं — ते पाप, की ती माया?

लगेच माना हलवू नका! आपल्या लेकराशी जन्मात कधी खोटं बोललं नाही, असं कोण आहे इथं? करा हात वर! ... एक हात दिसतोय. शाब्बास तात्या! — काय? पाठ खाजवताय? बरं, खाजवा.

म्हणजे सगळे एका माळेचे मणी. मग ऐका. ही गोष्ट कुरुंदवाडच्या भागवत डांग्याची.

भागवत पिठाच्या गिरणीत कामाला. मालक दुसराच, हा नुसता दळणारा. सकाळी आठला जात्यापुढं उभा राहिला की दुपारपर्यंत भुवयांसकट पांढरा! बायको सुमित्रा, पदरात एक लेक — शर्वरी. वय वर्षं आठ. आणि तोंड? मंडळी, गिरणीचा पट्टा परवडला! पट्टा वीज गेली की थांबतो, ही पोरगी वीज गेल्यावर जास्त बोलायची. बाप जेवायला बसला की समोर बसून शाळेतली एकूण एक गोष्ट, नकलेसकट. भागवत म्हणायचा, "अगं, घास तरी गिळू दे." सुमित्रा म्हणायची, "बोलू द्या हो. उद्या सासरी गेल्यावर शोधत बसाल."

आषाढात सुमित्राला ताप भरला. चार दिवस अंगावर काढला, पाचव्या दिवशी मिरजेला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काही कमी केलं नाही. पण तेलच संपलं, तिथं वात पुढं करून काय होणार? सहा दिवसांत सुमित्रा गेली.

क्रियाकर्म मिरजेलाच उरकलं. भागवतची थोरली बहीण इंदू, ती घरी शर्वरीपाशी होती. हा रिकाम्या हातानं परत आला, तेव्हा इंदूनं त्याला दारातच अडवलं.

"पोरीला काय सांगणार हाईस?"

"काय सांगू आक्का? जीभ रेटत न्हाई."

"मग नको सांगूस. एवढंसं लेकरू, छाती फुटंल तिची. म्हणायचं, आईला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय. जरा मोठी झाली की कळंल आपोआप."

आपोआप! मंडळी, आपोआप काय कळतं हो जगात? भागवतला त्या क्षणी ते बरं वाटलं. खरं सांगायचं बळ नव्हतं, आणि बहिणीनं त्या दुबळेपणाला मायेचं नाव देऊन टाकलं. झालं! शेजारीपाजारी, वाणी, दूधवाला — सगळ्यांना ताकीद. आख्खी गल्ली एका पोरीशी खोटं बोलायला लागली.

आणि पोरगी? तिनं पहिले आठ दिवस विचारलं. "आई कधी येणार?" "येईल." "फोन कर." "तिथं फोन लावू देत न्हाईत." "मला ने." "लहान पोरांना आत सोडत न्हाईत." मग तिनं विचारायचंच सोडलं. आणि विचारायचं सोडलं ते बोलायचंच सोडलं! हो नाही की नको नाही. बाप जेवायला बसे, ती समोर बसे. भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा घरात. भागवतला घास गिळायला आता भरपूर सवड होती. गिळत नव्हता.

असे दोन महिने गेले. एक दिवस गिरणीत कुणाचं तरी ज्वारीचं दळण ओतताना पिशवीतून एक कार्ड खाली पडलं. पोरांची असतात ना हल्ली — पुडीत तीन-तीन कार्डं निघतात, त्यावर जनावराचं चित्र, खाली त्याचा जोर, वेग, हिंमत यांचे आकडे. शाळेबाहेरच्या शेट्यांच्या दुकानात लटकलेली असतात. या कार्डावर रानडुक्कर होतं. दळणाच्या मालकिणीला विचारलं तर म्हणाली, "राहू दे, आमच्या पोराकडं ढीग पडलाय." भागवतनं पीठ झटकून ते खिशात टाकलं आणि घरी येऊन शर्वरीपुढं ठेवलं.

पोरीनं उचललं. उलटं केलं. पुसलं. आणि मंडळी, दोन महिन्यांनी त्या घरात तिचा आवाज फुटला —

"रानडुकराची हिंमत वाघापेक्षा जास्त कशी? आफरीनकडं वाघाचं कार्ड बघितलंय मी."

भागवतच्या हातातला तांब्या तसाच राहिला! याला रानडुकराचं काय ठाऊक? पण म्हणाला, "अगं, वाघाला पळून जाता येतं. डुक्कर सरळच जातं." पोरगी म्हणाली, "हां." एवढंच. पण त्या एका 'हां'वर बापानं ती रात्र काढली.

तिथून संग्रह सुरू झाला. पण गिरणीतल्या माणसाला पुड्यांमागं पुड्या कुठून परवडणार? पोरगी मोठी शहाणी. तिनंच नियम घातले. पुडी आठवड्याला एकच, शनिवारी. एकसारखी दोन निघाली तर एक अदलाबदलीला. कोपरा दुमडलेलं कार्ड घ्यायचं, कारण ते कुणाला नको असतं म्हणून स्वस्तात सुटतं. आणि चमकणाऱ्या कार्डाला भुलून चार साधी द्यायची नाहीत, आधी साधी पुरी करायची. मंडळी, आपल्यातल्या किती जणांना एवढी अक्कल आहे? आपण आधी चमकणारं धरतो आणि मग घरात मीठ नाही म्हणून रडतो!

वही कुठून आणणार? तर इंदूआत्यानं साड्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या कापून मशिनीवर खण शिवून दिले. एकूण चाळीस खण, कारण संच चाळिसाचा. रोज संध्याकाळी बाप-लेक ती पानं पसरून बसत. पोरगी पुन्हा बोलू लागली. शाळेतलं नाही, आईचं नाही — फक्त कार्डांचं. पण बोलू लागली! वर्गातली आफरीन मुल्ला तिची अदलाबदलीची जोडीदार. "आफरीनकडं दोन सांबर हाईत, मी तिला मगर दिली." भागवत कान देऊन ऐके. कोल्हा किती, तरस किती, याला सगळं पाठ झालं.

दिवाळी झाली. एकोणचाळीस भरली. राहिली एक — घोरपड! बघा कलियुग! वाघ निघतो पुडीपुडीला, आणि घोरपड म्हणे दुर्मीळ. चमकीची असते, बोट फिरवलं की खवले हाताला लागतात. आफरीनकडं होती, पण एकच. ती कशाला देईल?

आणि एका संध्याकाळी पोरगी त्या रिकाम्या खणावर बोट ठेवून म्हणाली, "पप्पा, चाळीस पुरी झाली की आईला दाखवायची. तवर ती येईल ना?"

मंडळी, इथं थांबा जरा. इथं त्या बापाला दार उघडून मिळालं होतं. पोरगी स्वतः बोलली होती. त्यानं तिला जवळ घेऊन सांगायचं होतं. त्यानं तोंड उघडलं — आणि बाहेर काय पडलं? "हो. येईल की."

पुढचे पाच शनिवार पाच पुड्या. पंधरा कार्डं, आणि निघतंय काय? माकड, ससा, कोल्हा, पुन्हा माकड. घोरपड नाही. पोरगी हळूहळू मिटत चालली. सहाव्या शनिवारी तिनं पुडी फोडलीच नाही, तशीच ठेवून भिंतीकडं तोंड करून झोपली. भागवतनं ती पुडी स्वतः फोडली; त्यातही घोरपड नव्हती. पोरीचा आवाज पुन्हा गेला तर? एकदा गेलेला कसाबसा परत आणला होता.

दुसऱ्या दिवशी तो जयसिंगपूरच्या बाजारात गेला. खेळण्यांच्या एका गाड्यावर बघतो तर घोरपड! चकचकीत. गाडेवाला मात्र इमानी. म्हणाला, "काका, नकली हाय बरं का. छापलेलं. पण पोरांना कळत न्हाई."

ऐकलंत? विकणारा खरं बोलला. घेणारा बाप होता.

भागवतनं घेतलं. घरी येऊन म्हणाला, "गिरणीत एकानं दिलं बघ." पोरीनं किंकाळी फोडली! चाळिसावा खण भरला. ती नाचली, आत्याला नाचवलं, बापाच्या पिठाळ गळ्यात पडली. आणि त्या दिवशी जेवताना, मंडळी, ती शाळेतलं बोलली! बाईंची नक्कल केली, हुबेहूब, पदर खोचून. भागवत हसला. सुमित्रा गेल्यावर पहिल्यांदा हसला. त्याला वाटलं, जिंकलं. उद्याचं उद्या बघू. बुडणाऱ्याला काठ दिसत नाही, हाताशी आलेली काडी तेवढी दिसते.

तो उद्या आला, दुपारी बारा वाजता. शाळेतून निरोप — ताबडतोब या.

भागवत पिठाच्या अंगानं धावत गेला. बाईंच्या टेबलासमोर दोन पोरी. आफरीनच्या ओठातून रक्त. शर्वरीचा चेहरा लालबुंद. टेबलावर दोन घोरपडी शेजारी शेजारी.

बाई म्हणाल्या, "अहो, हिनं आफरीनला मारलं. कधी बोटसुद्धा न लावणारी मुलगी!"

आफरीन हुंदके देत म्हणाली, "मी फक्त सांगितलं, तुझी खोटी हाय. माझ्या घोरपडीचे खवले लागतात, हिची सपाट हाय. चिडवलं न्हाई मी."

आणि शर्वरी बापाला बघून काय म्हणाली असेल? ती रडली नाही. तिचा चेहरा उजळला! आता साक्षीदार आला!

"पप्पा, सांग हिला. मी म्हणाले, माझे पप्पा खोटं आणणारच न्हाईत. सांग ना. खरी हाय ना?"

बाई बघतायत. आफरीन बघतेय. लेक बघतेय. देवा, अशी वेळ वैऱ्यावर आणू नकोस! अजून एक खोटं सहज बोलता आलं असतं. सवय होती. पण त्या ओठातल्या रक्ताकडं बघून भागवतची जीभ उचलली नाही. त्यानं मान खाली घातली.

पोरगी त्याच्या खाली गेलेल्या मानेकडं बघत राहिली. मग तिनं आपली घोरपड उचलली, त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि ती टेबलावर ठेवून दिली.

बाईंनी तिला घरी न्यायला सांगितलं. दोघं रस्त्याला लागले. भागवतनं हात पुढं केला, तिनं धरला नाही. नदीकडच्या वळणावर आल्यावर तिनं विचारलं,

"तुला ठाऊक होतं?"

"व्हय बाळा."

"आधीपासून?"

"व्हय."

दहा पावलं गेली. पोरगी उभी राहिली.

"आई कुठं हाय?"

मंडळी, पोरीला काही समजावून सांगावं लागलं नाही. एक खोटं उसवलं की धागा थेट दुसऱ्यापर्यंत जातो. भागवत रस्त्याच्या कडेला धुळीत बसला, म्हणाला, "आई न्हाई गं. आई गेली."

"कधी?"

"आषाढात. मिरजेलाच."

ती हिशेब लावल्यासारखी उभी. डोळे कोरडे. "म्हणजे तू एकटा परत आलास, त्या दिवशी?"

"व्हय."

"त्या दिवशी आत्यानं शिरा केलावता."

भागवतला आठवेना. मग आठवलं. पोरीचं मन रमावं म्हणून इंदूनं मुद्दाम केला होता, केळं घालून.

"मी दोनदा मागून घेतला," शर्वरी म्हणाली. "आई मेलीवती आणि मी शिरा खाल्ला. तू समोर बसलावतास. मला खाऊ दिलास."

यावर तो काय बोलणार? तुम्ही काय बोलला असता? सांगा! मला तर आजवर उत्तर सापडलेलं नाही. लेकरू दुःखातून वाचावं म्हणून त्यांनी एवढा खटाटोप केला. दुःख काही वाचलं नाही. ते सहा महिने उशिरा आलं, आणि येताना बापावरचा विश्वास घेऊन गेलं. आई गेली तेव्हा तिला रडायला बाप तरी होता. आता ती रडणार कुणाच्या गळ्यात?

दुसऱ्या दिवशी तिनं ती पानं आफरीनला देऊन टाकली. मारलं म्हणून. आफरीन घेत नव्हती, हिनं दप्तरात कोंबली.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, पुढं सगळं नीट झालं असेल ना? पोरगी बापाच्या कुशीत शिरली, बाप रडला, देव पावला, प्रसाद वाटा! मंडळी, मलाही तसं सांगता आलं असतं. तुम्ही खुशीत घरी गेला असता. पण लेकराला बरं वाटावं म्हणून भागवतनं जे केलं, तेच मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून देवासमोर उभं राहून करू?

तीन वर्षं झाली. शर्वरी अकरा वर्षांची आहे. अभ्यास करते, घर झाडते, बापाला भाकरी वाढते. अबोल नाही, विचारलं तर बोलते. पण भागवत काहीही म्हणाला, अगदी काहीही — "आज वाण्याचं दुकान बंद होतं" — की ती मान वर करून विचारते, "खरंच?" तो म्हणतो, "भाजी चांगली झालीय." ती विचारते, "खरंच?" गेल्या पावसाळ्यात भागवतला ताप आला. पोरगी कपाळावर पट्टीमागून पट्टी बदलत राहिली. तो म्हणाला, "बाळा, साधा ताप हाय. मला काय होत न्हाई." आणि मंडळी, तो ताप खरोखरच साधा होता! तो अक्षरन् अक्षर खरं बोलत होता! पण पोरगी रात्रभर उशाशी बसून दर घटकेला तेच विचारत राहिली — "खरंच?" आणि जगातल्या कुठल्याच शब्दानं त्याला तिची समजूत घालता येईना.

मायेपोटी खोटं बोललात? बोला! पण पुढं जेव्हा खऱ्याची गरज लागेल, तेव्हा तुमचं खरं कुणी घेणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आता माना खाली घालू नका, इकडं बघा! तुमच्यातल्या कुणाच्या घरी आजारपण लपवलंय. कुणी म्हाताऱ्या आईला सांगितलंय, धाकटा परदेशात सुखात आहे. कुणी लेकराला सांगितलंय, आपला कुत्रा शेतावर सोडलाय. नावं मला ठाऊक नाहीत, घेणारही नाही. तो आत उभा आहे ना, विटेवरचा, त्याला ठाऊक आहेत. त्याच्यासमोर कान धरून काय उपयोग? तुम्ही त्याच्याशी खोटं बोललाच नव्हतात.

आरती होईल, कापूर विझेल. मग सरळ घरी जा. जी व्यक्ती तुमच्या तोंडाकडं बघून विश्वासानं जगतेय, तिच्याजवळ बसा. आणि जे सांगायला जीभ रेटत नाही, तेवढंच सांगा. ती रडेल. रडू द्या. आज ती तुमच्या गळ्यात पडून तरी रडेल.