सुतार अँड कंपनीतला दुसरा माणूस

बुक्का लागला, हार गळ्यात पडला, आमच्या गुंडोपंतांनी पेटीवर सूर धरला. आता आख्यानाला उभं राहण्याआधी, मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई नाही.

मघाशी पूर्वरंगात आपण काय म्हणालो? ‘मी’ सोडा. तुम्ही माना डोलावल्यात. आता समजा, एका माणसानं ‘मी’ खरंच सोडला. बोलण्यातून सोडला, लिहिण्यातून सोडला, दुकानाच्या पत्रकावरून सोडला. दिवसभरात एकदाही ‘मी’ म्हणून तोंडातून येत नाही. अशा माणसाला देव भेटेल की नाही?

पुढं बसलेल्या मावशी म्हणतायत, भेटेल. बरं. ऐका मग.

रहिमतपुरात बाजारपेठेच्या टोकाला एक दुकान होतं. हार्मोनियम दुरुस्तीचं. दुकान कसलं, दहा बाय आठची खोली. मालकाचं नाव अच्युत सुतार. वय पंचेचाळीसच्या घरात. त्याच जागी त्याचे वडील दामोदरअण्णा चाळीस वर्षं पेट्या दुरुस्त करत होते. अण्णांच्या काळात दुकानाला पाटीच नव्हती. लोक म्हणायचे, पेटी दामूअण्णांकडं टाका. बस्स, तीच जाहिरात. अण्णा गेले, आणि खिडकीजवळच्या स्टुलावर अच्युत एकटा बसायला लागला. हात वडिलांचाच होता. कानही तसाच.

पण दिवस बदलले होते. एका शाळेच्या बारा पेट्या दुरुस्तीला निघाल्या. शाळेचा माणूस चौकशीला आला, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, तुम्ही एकटेच का? अच्युत म्हणाला, हो. माणूस म्हणाला, मग तुम्ही आजारी पडलात तर? आणि गेला. काम दुसऱ्या गावच्या मोठ्या दुकानाला मिळालं.

हे अच्युतला लागलं. लागणारच. प्रामाणिकपणे काम करायचं, आणि ‘एकटा’ हाच गुन्हा ठरायचा! तो पत्रकं छापून घ्यायला गेला, तर छापखान्यातल्या जाणकारानं सल्ला दिला की एकटे दिसूच नका, लोकांना मोठं काहीतरी लागतं. मग पत्रक निघालं. वर ठळक अक्षरांत ‘सुतार अँड कंपनी’. खाली — ‘आमचे अनुभवी कारागीर. आमचा दुरुस्ती विभाग. आमचा विक्री विभाग. आम्ही आपल्या सेवेस सदैव तत्पर.’

दुरुस्ती विभाग म्हणजे खिडकीजवळचं स्टूल. आणि विक्री विभाग म्हणजे तेच स्टूल, तोंड रस्त्याकडं फिरवलं की.

फोन आला की अच्युत म्हणायचा, थांबा हं, कारागिरांना विचारतो. फोनवर हात ठेवायचा, भिंतीकडं बघत मनात दहा आकडे मोजायचा, आणि मग सांगायचा, ते म्हणतायत गुरुवारपर्यंत होईल. मंडळी, हसू नका. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. पेट्या वेळेवर मिळत होत्या, चांगल्या वाजत होत्या. तीन वर्षांत कामही वाढलं. मी त्याला नावं ठेवत नाही. त्याच्या जागी तुम्ही असतात, मी असतो, आपण आणखी एक विभाग वाढवला असता.

आता यात आल्या यमुनाबाई देशमाने. औंधच्या पुढं एक वाडी आहे, तिथल्या शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाई. वय चौऱ्याहत्तर. त्यांची स्वतःची पेटी होती, जुन्या विलायती सुरांची, म्हणजे आतल्या पट्ट्या विलायतेहून आलेल्या. गुंडोपंतांना विचारा, तसले सूर आता मिळत नाहीत. त्या पेटीवर बाईंनी पोरांच्या तीस वर्षांच्या प्रार्थना घेतल्या. निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी वाडीतल्या रामाच्या देवळात बसून त्याच पेटीवर आरती घ्यायच्या. बायका यायच्या, लहान पोरं यायची. वाडीला एवढाच एक विरंगुळा.

पेटी जरा बेसूर झाली म्हणून बाईंनी ती कंपनीकडं पाठवली.

पेटी कशी लावतात, ठाऊक आहे? आत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात. पट्टी टोकाकडं अगदी हलकी खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. केसाएवढं काम. सगळा जीव बोटात आणि कानात ठेवावा लागतो. अच्युत बाईंच्या पेटीतला मधला पंचम लावत होता. तेवढ्यात फोन आला. एका मोठ्या सांस्कृतिक मंडळाचा. अच्युतनं फोन खांद्यात दाबून धरला आणि सांगायला लागला — हो हो, आमच्याकडं चार कारागीर आहेत, आमचा एक माणूस फक्त सुरांचंच काम करतो… तोंडानं चार कारागीर, आणि पट्टीवर हात एकाचाच! कानात सूर नव्हता, मंडळाचा सेक्रेटरी होता. हात एकदा जास्त फिरला. जुनी पट्टी, बुडातून तुटली.

मंडळाचं काम पक्कं झालं. फोन ठेवल्यावर त्यानं तुकडा तळहातावर घेतला. मग ड्रॉवरमधली नवी पट्टी काढली, जमेल तेवढी जुळवून बसवली आणि पेटी वाडीला पोचती केली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. वाटलं, म्हातारं माणूस, कळतंय कुठं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, पेटी छान झाली आहे, भाताही आता हलका चालतो. फक्त मधला पंचम माझा नाही वाटत. काय झालं त्याचं?

आता बघा. इथं एका वाक्याचं काम होतं. ‘बाई, माझ्या हातून तुटला.’ संपलं असतं. पण ज्या तोंडाला तीन वर्षं ‘मी’ म्हणायची सवय राहिली नाही, त्यातून ऐन वेळी ‘मी’ निघतो कसा? अच्युत म्हणाला, आमच्याकडं एक कारागीर होता, त्याच्या हातून ते झालं, आम्हालाही फार वाईट वाटलं. आणि बाईंचं समाधान व्हावं म्हणून आणखी एक वाक्य पुढं ढकललं. म्हणाला, आम्ही त्याला कामावरून काढून टाकलंय.

बाईंनी फोन ठेवला. अच्युतनंही सुस्कारा सोडला. मिटलं.

मिटलं कसलं? आठव्या दिवशी सकाळी यमुनाबाई दुकानाच्या दारात उभ्या. एसटीनं आलेल्या, हातात कापडी पिशवी, चढ चढून धाप लागलेली. अच्युतनं स्टूल पुढं केलं, पाणी दिलं. बाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी सरळ विषयाला हात घातला.

“त्या माणसाला परत कामावर घ्या.”

बाई सांगत राहिल्या. म्हणाल्या, मी तक्रार केली नव्हती, नुसतं विचारलं होतं. जुनी पट्टी, ती कधी ना कधी जाणारच होती. माझ्या एका सुरापायी कुणाची भाकरी जावी, हे मला सहन होत नाही. आठ दिवस झाले, मी पेटीला हात लावला नाही. देवळात आरती नुसत्या टाळ्यांवर चालली आहे. पोरं विचारतात, मी त्यांना काय सांगू?

मग त्यांनी विचारलं, नाव काय त्याचं?

मंडळी, खोट्याला आधी चेहरा नसतो, तोवर ते सोपं असतं. नाव विचारलं की घाम फुटतो. अच्युतच्या तोंडून नाव निघून गेलं. त्या खोलीत त्याच्याखेरीज काम केलेल्या माणसाचं एकच नाव त्याला येत होतं.

“दामोदर.”

बाईंनी विचारलं, संसार आहे का? अच्युत म्हणाला, आहे. मुलंबाळं? म्हणाला, दोन मुली. घर कुठं, मी भेटून येते. तर म्हणाला, तो आता गावी निघून गेला. बाईंनी पिशवीतून गाठोडं काढलं. शेंगा होत्या, आणि छिटाचे दोन झगे होते. मुली असतील तर असू देत म्हणून त्यांनी हातमशिनवर शिवून आणले होते. म्हणाल्या, नसत्या तर परत नेले असते. त्याला पोचवा. आणि सांगा, बाईंचा राग नाही. मग आल्या तशा चालत स्टँडवर गेल्या.

दुपारी अच्युतची बायको सरोज डबा घेऊन आली. तिनं गाठोडं पाहिलं, विचारलं कुणाचं. अच्युतनं सगळं सांगितलं. सांगताना त्याला वाटत होतं, ती हसेल. सरोज हसली नाही. झगा घडी करून ठेवत तिनं एवढंच विचारलं —

“म्हणजे मामंजींना कामावरून काढलंत?”

सासऱ्यांबद्दल विचारत होती ती. अच्युतनं डबा बंद केला. ज्या माणसानं त्याच्या हातात पहिली कानस दिली, त्यालाच चोरासारखा दुकानाबाहेर काढला होता त्यानं. आणि कशापायी? पितळेच्या बोटभर पट्टीपायी.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप. अच्युत हत्यारांची पिशवी आणि ते गाठोडं घेऊन पहिल्या एसटीनं वाडीला गेला. बाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी गाठोडं बघितलं आणि विचारलं, सापडला नाही का तो? अच्युत खाली बसला. उभ्यानं सांगता येण्यासारखं नव्हतं.

“बाई, असा माणूसच नाही. दुकानात मी एकटा असतो. पट्टी माझ्या हातून तुटली.”

बाईंची बोटं तांदळात थांबली. तुम्हाला काय वाटतं, पहिल्यांदा काय म्हणाल्या असतील? खोटारडा म्हणाल्या? नाही.

“म्हणजे कुणाची नोकरी गेली नाही?”

“नाही.”

त्यांनी डोळे मिटले. आठ दिवसांचा श्वास सोडला. आणि मग रागावल्या. ते रागावणं अच्युत जन्मात विसरला नाही. आवाज चढला नव्हता. म्हणाल्या, पट्टीचं मला काही नाही. पण आठ दिवस मी नसलेल्या माणसासाठी झुरले, अच्युतराव. ते दिवस मला कोण परत देणार? या वेळी अच्युतनं उत्तर बनवून सांगितलं नाही. मग त्यांनी विचारलं, दामोदर कोण? त्यानं सांगितलं, माझे वडील. बाई उठल्या. आत जाऊन चहा करून आणला.

चहा पिताना त्यांनी त्याच्या पिशवीतलं पत्रक मागून घेतलं आणि चष्मा लावून वाचलं. आता शिक्षिकाच ती.

“‘आम्ही’ कुठलं वचन?”

अच्युत पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, चौथीतल्यासारखा म्हणाला, “अनेकवचन.”

“माणसं किती?”

“एक.”

“मग चूक दुरुस्त करा,” म्हणाल्या, आणि पत्रक परत दिलं.

दुपारभर अच्युत त्या ओसरीवर पेटी उघडून बसला. फोन बंद करून पिशवीत टाकला होता. नवी पट्टी जुन्या सुरांच्या जवळ नेत राहिला. शेवटी त्यानं सांगितलं, जवळ आलाय, पण तसा होणार नाही, खोटं सांगत नाही. बाईंनी वाजवून बघितलं. म्हणाल्या, हो, परका आहे. पण कुणी बसवलाय ते आता ठाऊक आहे, कान सवय करून घेईल. झगे शेजारच्या मुलींना दिले. त्या संध्याकाळी देवळात आरतीला पेटी होती.

अच्युतनं नवं पत्रक काढलं. ‘अच्युत दामोदर सुतार. पेटी मी स्वतः दुरुस्त करतो. दुकानात दुसरं कुणी नाही. एका पेटीला आठ दिवस लागतात. काही बिघडलं तर माझ्याकडेच या.’

मग काय, दुसऱ्या दिवसापासून रांग लागली? नाही हो. कीर्तनात लागते, रहिमतपुरात लागली नाही. त्या मोठ्या मंडळानं पत्रक वाचून आपलं काम काढून घेतलं. ते वर्ष ओढाताणीत गेलं. सरोजनं शिवणकाम सुरू केलं. पण एक झालं. ज्यांच्या पेट्या जिवाभावाच्या होत्या, ते लोक लांबून यायला लागले. येऊन म्हणायचे, तुम्हीच लावणार ना? दुसऱ्या कुणाच्या हातात नको. ज्या ‘एकट्या’ची त्याला लाज वाटत होती, तोच लोकांना हवा होता. आता त्याचं बरं चाललं आहे. कंपनी नाही, पण चूल पेटते.

तर मावशी, देव भेटतो का? देवाचं मी काय सांगणार. पण अच्युतनं जो ‘मी’ सोडला होता, तो सोडायचा नव्हता. मोठेपणा घ्यायला पुढं येतो तो ‘मी’ सोडायचा. चूक पदरात घ्यायला पुढं येतो, तो जपायचा.

आणि तुम्ही म्हणाल, हे दुकानदारांचं झालं, आमचं काय? माझ्यापासून सुरू करतो. देवळाबाहेर माझं पत्रक लागलंय, बघा जाताना. ‘आमची संस्था महाराष्ट्रभर कीर्तनसेवा करते.’ संस्था ही अशी तुमच्यासमोर उभी आहे. गुंडोपंत तर तुमच्याच गावचे. उद्या तो कागद बदलतो.

आता तुमचं. घरी आपण कसं बोलतो? पेला फुटला. दूध उतू गेलं. निरोप द्यायचा राहिला. जसा पेला स्वतःच ओट्यावरून उडी मारून गेला! असं बोलताना आपण प्रत्येकानं घरात एक माणूस कामाला ठेवलेला असतो. तो जन्मलेलाच नसतो. आपण फोडायचं, आणि त्यानं उचलायचं. आणि तो दिसत नाही म्हणून त्याचा बोल शेवटी कुणावर तरी जातो — सुनेवर, धाकट्या भावावर, गेलेल्या बापावर.

आज घरी गेल्यावर त्या माणसाला सुट्टी द्या. दोनच शब्द लागतात. ‘माझ्या हातून.’ पेला माझ्या हातून फुटला. म्हणून बघा. जीभ अडखळेल. अडखळली तरी म्हणा.

गुंडोपंत, पंचम धरा. उठा मंडळी, आरतीला उभे राहा.