शकूताईंचा काळा-पांढरा फोटो

फोटो काळा-पांढरा केला की काय होतं, ठाऊक आहे तुम्हाला? मलाही नव्हतं.

खुर्सीपारला आमची छोटी संस्था बायकांना फुकट शिवणकाम शिकवते. जास्त बायका याव्यात म्हणून मी फेसबुक शिकले. पहिल्याच दिवशी आमच्या शिकवणाऱ्या शकूताईंचा फोटो टाकला. काळा-पांढरा छान दिसत होता, म्हणून तसा केला. खाली त्यांचं नाव लिहिलं आणि नमस्कार म्हणून जोडलेले हात लावले.

तासाभरात खाली भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली.

मी रडकुंडीला आले. शकूताई मात्र चष्मा लावून एकेक नाव वाचत बसल्या.

"पाहाय, इतकं चांगलं तर मले कोणी तोंडावर बोललं नाही."

"ताई, मी आत्ताच काढून टाकते."

"थांब. आमच्या विजयनं काही लिहिलं काय?"

विजय त्यांचा मुलगा. पुण्याला असतो, दोन वर्षांपासून बोलत नव्हता. मी शोधलं. त्याचं नाव कुठेच नव्हतं.

"मंग राहू दे आजचा दिवस," त्या म्हणाल्या. "पाहिलं तर फोन करन तो."

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत विजयचा फोन आला नव्हता. शकूताईंनी फोटो डिलीट कसा करतात ते माझ्याकडून शिकून घेतलं, आणि स्वतःच्या बोटानं तो डिलीट केला.