कंडक्टरनं पाडलेलं भोक

अजूनही आठवलं की डोकं फिरतं माझं! पासष्ट-सहासष्टची गोष्ट. मी पुण्यात शिकाऊ प्रोग्रॅमर होतो. तेव्हा प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. एक भोक चुकलं की सगळं मुसळ केरात. गठ्ठा तपासायला मी गावी, रिह्याला, घरी नेला होता. परतताना एसटीत दोन्ही हात गुंतलेले, म्हणून कंडक्टरला म्हटलं, "तिकीट गठ्ठ्याच्या दोरीत खोचा." त्यानं खोचलं आणि चिमटा दाबून तिकिटासकट वरच्या कार्डालाही भोक पाडलं!

"अहो, कॉम्प्युटरचं कार्ड आहे ते! शंभर कारकुनांचं काम करतो तो कॉम्प्युटर!"

"वरडताय कशापायी? माजं एक भोक पडलं की मानूस पुन्याला पोचतोय. तुमच्या एवढ्या भोकांनी कोन कुटं पोचलं?"

महिनाभर माझा प्रोग्रॅम एकदाही चालला नव्हता, हे त्याला सांगितलं कुणी?