पहारेकऱ्याला ब्रेड

कॉम्प्युटरच्या खेळातल्या पहारेकऱ्याला खाऊ घालायला निघालेली मी पहिलीच बाई असेन!

बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातले आमचे शेजारी हेंक आजोबा तरुणपणी गॅरेजमध्ये बसून साहसाचे खेळ बनवायचे. तेव्हा चित्रंबित्रं नव्हती. "दार उघड", "दिवा घे" असं टाइप केलं की खेळ पुढे सरकायचा. परवा त्यांनी त्यांचा सगळ्यात पहिला खेळ आमच्या लॅपटॉपवर लावून दिला.

माझ्या आठ वर्षांच्या इराला मराठी कळतं, पण उत्तर येतं डचमध्ये. माझंच काही चुकतंय, ही धास्ती मला कायमची. तिला म्हटलं, "या खेळातला पूल मी ओलांडला, तर तू मराठीच्या वर्गाला यायचंस."

मी मराठीत सांगायचं, तिने डचमध्ये टाइप करायचं. पुलावर पहारेकरी आडवा आला.

"आपल्या पिशवीतला ब्रेड त्याला खायला दे."

खेळाचं उत्तर: "समजलं नाही."

"अहो हेंक, बिचारा दिवसभर उभा आहे, आणि त्याला खायला देता येत नाही?"

"इतक्या वर्षांत कुणी दिलंच नाही," आजोबा ओशाळले. "थांब, दुरुस्त करतो."

शनिवारी ते नवा खेळ घेऊन आले. पहारेकऱ्याने ब्रेड खाल्ला, आभार मानले आणि पूल अडवूनच विचारलं, "अपॉइंटमेंट घेतली आहे का?"

"डच आहे तो," आजोबा गंभीरपणे म्हणाले.

इरा टाळ्या पिटत ओरडली, "आई, हरलीस! आता मी नाही येणार वर्गाला, ज्जा!"

मी हार मानली. ती कुठल्या भाषेत ओरडली, ते मात्र तिला सांगितलं नाही.